‘कारिन्योझू’चे वाद्यसंयोजन : मधल्या स्वररेषेचा प्रश्न

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रिओ द जानेरो या शहरात पोल्का, वॉल्ट्‌झ, शॉटिश या युरोपीय नृत्यप्रकारांना आफ्रिकी वंशाच्या वादकांच्या लयबोधाची जोड मिळाली आणि त्यातून ‘शोरो’ ही वाद्यसंगीताची परंपरा आकारास आली. बासरी, गिटार आणि कावाकीन्यो हे चार तारांचे लहान, गिटारसदृश वाद्य हा तिचा मूळ वाद्यमेळ होय. पुढे त्यात मँडोलिन, क्लॅरिनेट आणि आपल्या खंजिरीची आठवण करून देणारे पांदेइरो यांची भर पडली. 2024 मध्ये ब्राझीलच्या राष्ट्रीय वारसा संस्थेने शोरोला देशाच्या सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. आज शोरोच्या जुन्या रचना सॅक्सोफोन-चतुष्क, सुषिरवाद्य-पंचक, तंतुवाद्य-चतुष्क अशा लहान वाद्यमेळांच्या कार्यक्रमांतही वाजवल्या जातात आणि त्यासाठी त्यांची नव्याने संयोजने केली जातात.

अशा संयोजनात मूळ रचनेचे नेमके काय टिकते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात एकाच रचनेच्या आधारे केला आहे. ती रचना म्हणजे पिशिंगीन्या (1897–1973) यांची ‘कारिन्योझू’. शीर्षकाचा अर्थ ‘प्रेमळ’ किंवा ‘मायाळू’ असा होतो.

संहिता कोणती?

संयोजकासमोरची पहिली अडचण संहितेची आहे. ‘कारिन्योझू’ 1917 च्या सुमारास रचली गेली, पण बरीच वर्षे ती बाजूला पडून राहिली. त्या काळी शोरोला तीन भाग असणे अनिवार्य मानले जाई आणि या रचनेला दोनच भाग होते. आपल्या वर्तुळात ती कोणी स्वीकारणार नाही असे वाटल्याने आपण ती ठेवून दिली, असे पिशिंगीन्या यांनी पुढे सांगितले. 1928 मध्ये ती वाद्यरचना म्हणून प्रथम ध्वनिमुद्रित झाली. ‘फोनो-आर्ते’ या तत्कालीन नियतकालिकातील समीक्षकाने तीवर अमेरिकन संगीताच्या प्रभावाचा आरोप ठेवला. 1937 मध्ये झुआंव दे बारो यांनी लिहिलेल्या शब्दांसह ओर्लांदो सिल्वा यांनी ती गायिली आणि त्यानंतर ती ब्राझीलच्या सर्वाधिक परिचित गीतांपैकी एक झाली.

म्हणजे आज संयोजकाच्या कानात असते ते गीत आणि हाती घ्यायची असते ती वाद्यरचना. या दोहोंतील फरक केवळ शब्दांचा नाही. गायक शब्दाच्या अर्थानुसार स्वर लांबवतो, थांबतो, पुढे धावतो. साथीदार त्याच्या मागे जातात. पिशिंगीन्या यांनी मात्र या रचनेला आरंभी संथ पोल्का म्हटले होते आणि नंतर शोरो. पोल्का संथ असली तरी ती पोल्काच असते. तिच्या दोन मात्रांच्या चालीत प्रत्येक मात्रेचे चार भाग सतत जाणवत राहावे लागतात. मूळ मेळात हे काम पांदेइरो आणि कावाकीन्यो करतात. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेल्या बहुसंख्य मुद्रित संयोजनांत ही चाल गळून पडते आणि तिच्या जागी लांबलचक, सुस्कारे टाकणारे कॉर्ड येतात. परिणामी रचना विरहगीतासारखी भासू लागते. हा दोष वादकांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल, कारण कागदावर त्यांना तेवढेच दिलेले असते.

मधली स्वररेषा

‘कारिन्योझू’च्या आरंभी मुख्य सुरावट फार थोडे बोलते. लहानसा स्वरसमूह, मग एक दीर्घ स्वर. पुन्हा लहानसा समूह, पुन्हा दीर्घ स्वर. या दीर्घ स्वरांच्या काळात साथीच्या आत एक रेषा हलत असते. आपल्या परिभाषेत सांगायचे तर ती पंचमावरून कोमल धैवतावर, तेथून शुद्ध धैवतावर जाते आणि कोमल धैवतावर परत येते. आधारस्वर बदलत नाही. मधला एक आवाज तेवढा अर्ध्या स्वराच्या पायऱ्यांनी चढतो आणि उतरतो. गिटारवादक हे चार कॉर्ड म्हणून शिकतो आणि कॉर्डची नावे लिहिलेल्या वह्यांतही ते तसेच नोंदलेले असतात. परंतु ऐकणाऱ्याला चार कॉर्ड ऐकू येत नाहीत. त्याला एक दुसरा आवाज ऐकू येतो, जो पहिल्याच्या थांबण्याला उत्तर देत असतो.

रचनेचा जीव या उत्तरात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. म्हणून संयोजनाची कसोटीही येथेच लागते. सॅक्सोफोन-चतुष्कासाठी लिहिताना सोप्रानोला सुरावट, बॅरिटोनला खर्ज आणि मधल्या दोघांना कॉर्डचे उरलेले स्वर अशी वाटणी सहज सुचते. या वाटणीत चढणारी रेषा कधी आल्टोकडे, तर कधी टेनरकडे जाते. जो स्वर ज्याच्या हाताशी असेल तो त्याला मिळतो. उभ्या अंगाने पाहिले तर एकही स्वर चुकलेला नसतो आणि तरीही आडवी रेषा तुटते. हीच ओळ सलगपणे एकाच वाद्याला दिली, त्या वाद्याला इतरांपेक्षा किंचित ठळक वाजवण्याची सूचना केली आणि सुरावटीच्या दीर्घ स्वरावर आवाज ओसरू दिला, तर अल्प साधनांत रचना उभी राहते.

याच्या उलट टोकाचा दोषही आढळतो. जॅझच्या सवयीने काही संयोजक प्रत्येक कॉर्डमध्ये सातवे, नववे, तेरावे स्वर भरतात. 1928 च्या रचनेवर समीक्षकाने ठेवलेला आरोप उतावळेपणाचा होता. या संयोजनांवर मात्र तो ठेवता येईल. आजूबाजूला इतके अर्धस्वर गोळा झाल्यावर त्या एका अर्धस्वराच्या चढणीचे अप्रूप उरत नाही.

खर्जाची बाजू

शोरोतील दुसरा बोलका आवाज खर्जाचा. गिटारच्या खालच्या तारांवर वाजणाऱ्या, सुरावटीच्या विरामांत धावून येणाऱ्या या ओळींना ‘बाइशारिया’ म्हणतात. तिच्या विकासात पिशिंगीन्या यांचाच मोठा वाटा आहे. 1946 पासून बासरीवादक बेनेदितो लासेर्दा यांच्यासह त्यांनी जी ध्वनिमुद्रणे केली, त्यांत स्वतः बासरीचे श्रेष्ठ वादक असूनही ते टेनर सॅक्सोफोनवर खालची प्रतिरेषा वाजवताना आढळतात. लासेर्दांच्या मेळात त्या काळी गिटार वाजवणारे दिनो यांनी 1950 च्या दशकात सात तारांची गिटार स्वीकारली. त्यांच्या बाइशारियाच्या शैलीवर या सॅक्सोफोनचा संस्कार आहे, हे सर्वमान्य आहे. मूळ रेषा फुंकेच्या वाद्यावरची, ती तारांवर गेली. म्हणून ती पुन्हा बॅसून किंवा बॅरिटोन सॅक्सोफोनकडे आणण्यात परंपराभंग मानण्याचे कारण नाही.

तंतुवाद्य-चतुष्कात प्रश्न थोडा नाजूक होतो. सात तारांच्या गिटारीची सातवी तार बहुधा ‘सी’ स्वरात मिळवतात आणि चेलोची सर्वांत खालची तारही त्याच ‘सी’त असते. कागदावर बाइशारिया चेलोसाठीच लिहिल्यासारखी दिसते. पण गिटारचा स्वर उमटताक्षणी विरू लागतो, तर गजाने काढलेला स्वर रेंगाळतो. एका गजात बांधलेली बाइशारिया पाहता पाहता चेलोचे एकलगीत होऊन बसते आणि मुख्य सुरावटीला उत्तर देण्याऐवजी तिच्याशी स्पर्धा करू लागते. बोटाने तार छेडून ती वाजवावी, तर द्रुत जागी हात पोहोचत नाही. लहान, सुटे, तारेवरून लगेच उचललेले गज हा त्यातल्या त्यात बरा मार्ग दिसतो. अर्थात तो लिहून देण्यापेक्षा दिनोंची वादने ऐकवून शिकवणे अधिक सोपे.

‘रेत्रातोस’चा दाखला

या संपूर्ण चर्चेला एक ऐतिहासिक आधार उपलब्ध आहे. रादामेस न्यात्ताली यांनी 1956 मध्ये मँडोलिनवादक जाकोब दो बांदोलिं यांच्यासाठी ‘रेत्रातोस’, म्हणजे ‘व्यक्तिचित्रे’, ही चार भागांची रचना मँडोलिन, शोरोचा मेळ आणि तंतुवाद्यवृंद यांच्याकरिता लिहिली. प्रत्येक भाग एका पूर्वसूरीला वाहिलेला आहे. पहिला पिशिंगीन्या यांना असून त्याचा पाया ‘कारिन्योझू’ हाच आहे. जाकोब यांनी 1964 मध्ये ती ध्वनिमुद्रित केली. 1970 च्या दशकाच्या अखेरीस मँडोलिनवादक झोएल नासिमेंतो यांच्या आग्रहावरून न्यात्ताली यांनी तीच रचना लहान शोरोमेळासाठी पुन्हा मांडली. त्यातून ‘कामेराता कारिओका’ हा वाद्यमेळ उभा राहिला.

वृंदाचे काम मूठभर तारवाद्यांवर आणताना सामान्यतः काहीतरी कमी झाल्याची भावना होते. येथे उलट घडले, असे वाटते. वृंदाच्या आवृत्तीत तंतुवाद्ये मँडोलिनमागे पडद्यासारखी पसरतात. लहान मेळात त्यांच्या ओळी गिटारवादकांच्या बोटांत येतात, आरंभ आणि अंत असलेले सुटे आवाज होतात आणि परस्परांना अडवूही शकतात. मात्र यासाठी वादकांना लिहिलेले संगीत स्वरशः वाजवावे लागले, आणि ज्या परंपरेत साथीदाराची प्रतिष्ठा त्याच्या आयत्या वेळच्या सुचण्यावर ठरत आली तिच्यात हा बदल लहान नव्हता. या मेळातील मावरिसिओ कारिल्यो, लुसियाना राबेल्लो यांसारखे वादक पुढे शोरोच्या शिक्षणकार्यात अग्रणी ठरले, ही गोष्ट येथे नोंदवण्यासारखी आहे. पिशिंगीन्या हेही निरक्षर स्फूर्तीचे वादक नव्हते. 1947 ते 1952 या काळातील रेडिओ कार्यक्रमासाठी त्यांनी लिहिलेल्या संयोजनांपैकी 36 संयोजने 2010 मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित झाली आहेत.

तेव्हा लिहावे की न लिहावे, हा वाद फारसा फलदायी नाही. किती लिहावे, याचा निर्णय प्रत्येक ओळीगणिक करावा लागतो. ‘कारिन्योझू’ तंतुवाद्य-चतुष्कासाठी मांडायची झाल्यास चढणारी मधली रेषा व्हायोलाला पूर्णपणे लिहून द्यावी. तिच्यात बदलास वाव ठेवू नये. कावाकीन्योची चाल दुसऱ्या व्हायोलिनने गजाच्या टाचेजवळ, आखूड वाजवावी. चेलोची बाइशारिया प्रथम लिहिलेली असावी, आणि पहिला भाग परत येतो तेव्हा तिच्या जागी कॉर्डची नावे देऊन काही आवर्तने मोकळी सोडावीत. मुद्रित प्रतीत अशी रिकामी जागा ठेवण्यास प्रकाशक नाखूश असतात, आणि स्पर्धेसाठी बसवणाऱ्यांना ती गैरसोयीची वाटते, हा आक्षेप खरा आहे. ज्या चेलोवादकाला त्या जागेत काही सुचत नसेल, त्याने पहिल्या वेळची लिहिलेली ओळ पुन्हा वाजवावी. तीही चुकीची ठरणार नाही.