नागपूर दाखवताना देवगड कुठं जातं?

सौंसरला पाहुणे आले की त्यांना नागपूर दाखवून आणायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. दवाखाना, बस्ता, सोनं, कॉलेज, सगळं तिकडेच. 1956 साली राज्याची हद्द मध्ये आली, तरी पाय नागपूरकडेच वळतात. मागच्या हिवाळ्यात मी पाहुण्यांसोबत भाड्याची गाडी आणि गाइड घेऊन दिवसभराचं ‘नागपूर दर्शन’ केलं. हे टिपण त्याबद्दल.

क्रम ठरलेला असतो. झिरो माइल, दीक्षाभूमी, ताजबाग, कामठीचं ड्रॅगन पॅलेस आणि रात्री सावजी. जागा मोलाच्याच आहेत, वाद नाही. पण गाडीत बसून ऐकलं तर वाटतं की हे बौद्धांचं, हे मुसलमानांचं, हे भोसल्यांचं, असे डबे शेजारीशेजारी मांडलेत. एकाचं दुसऱ्याशी काही देणंघेणंच नाही. ताजुद्दीनबाबांना वेड्यांच्या इस्पितळातून आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यात आणणारे राजे रघुजीराव भोसले होते, एवढं एक वाक्य ताजबागेत सांगितलं असतं तरी दोन डब्यांची झाकणं एकदम उघडली असती.

झिरो माइलला ‘हा देशाचा मध्यबिंदू’ म्हणून सांगण्यात आलं. मी इंजिनिअर, त्यामुळे इथं गप्प बसवत नाही. तो 1907 चा दगड सर्वेक्षण खात्याचा ‘बेंचमार्क’ आहे, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची मोजण्याची खूण. मध्य सांगणं हे त्याचं कामच नव्हे. 1907 चा हिंदुस्थान तर ब्रह्मदेशापर्यंत पसरलेला होता, त्याचा मध्य काढायचा तरी कसा? शेजारच्या खांबावर गावांची अंतरं कोरलेली आहेत. त्यात छिंदवाडा 83 मैल. तिकडे बोट दाखवलं तर गाइड म्हणाला, ‘‘काका, ते फोटोत येत नाही.’’

खरी चूक पुढं आहे. या दर्शनात शहराची गोष्ट भोसल्यांपासून सुरू होते. पण नागपूर वसवलं ते देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदनं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, बारा खेडी एकत्र करून. देवगड म्हणजे छिंदवाडा जिल्ह्यातलं, मोहखेडकडचं. राजा गोंड, औरंगजेबाच्या दरबारी जाऊन मुसलमान झालेला, आणि हाताखाली हिंदू-मुसलमान दोन्हीकडची कर्तबगार माणसं. ठिकठिकाणची कष्टाळू माणसं त्यानं मुलखात आणून वसवली. म्हणजे अनेक लोकांचं एक शहर ही गोष्ट नंतर घडली नाही, पायाच तसा होता.

त्याच्यानंतर चांद सुलतान राजधानी नागपुरात घेऊन आला. त्यानं शहराला कोट घातला आणि पाणी अडवून तलाव केला. त्याचं नाव जुम्मा तलाव. मराठी बोलीत तो शुक्रवारी तलाव झाला (जुम्मा म्हणजे शुक्रवारच, भाषांतर आपोआप झालं!) आणि पुढं गांधीसागर. एकाच पाण्याला तीन काळांची नावं. मला विचाराल तर दिवसातला पाऊण तास या काठावर घालवायला हवा. आमची गाडी तिथून न थांबता गेली. महालातल्या गोंड राजाच्या किल्ल्यालाही थांबली नाही. कारण दिलं पार्किंगचं.

1743 मध्ये रघुजी भोसल्यांनी सत्ता हाती घेतली, पण गोंड राजाला हाकललं नाही. त्याला नेमणूक दिली, राजा हा मान ठेवला. पुढं भोसले गादीवर बसताना टिळा गोंड राजाकडून लावून घेत. आता बघा, इतकी बोलकी गोष्ट असताना ती दर्शनातून गळावी, हे मला आळसापेक्षा सोयीचं जास्त वाटतं. देवगड आता दुसऱ्या राज्यात, मग त्याची गोष्ट कोण सांगणार?

आणि आपण तरी काय करतो? देवगडला डबा घेऊन जातो, मोतीटाक्याजवळ फोटो काढतो आणि परततो. खाली गावात नागपूरचं नाव कुणी काढत नाही. आपल्या मंडळाच्या सहलीतही मी स्वतः दोनदा किल्ल्याची फक्त तटबंदी समजावली, पुढचं शहर राहून गेलं.

पुढच्या पाहुण्यांना आधी देवगड दाखवणार, मग महाल, मग तलाव. एका दिवसात हे बसत नाही. रात्रीचा मुक्काम सौंसरलाच करावा लागेल.