सुगी की नुसतं उभं पीक?

मंडळी, ‘लाइट हार्वेस्टिंग’, म्हणजे प्रकाशाची सुगी, या शब्दावर माझा आक्षेप आहे. प्रयोगावर नाही, प्रयोग सुरेखच आहे. ऑस्लो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 साली झिर्कोनियमच्या गाठी आणि सेंद्रिय दांड्या जोडून यूआयओ-67 ही सच्छिद्र जाळी जाहीर केली. पुढे इतरांनी तिच्यातल्या काही दांड्यांच्या जागी रुथेनियमची संयुगं बसवली. ती 450 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतात, आणि ऊर्जा एका रुथेनियमवरून शेजारच्यावर उड्या मारत जाते. छान! पण जाते कुठे?

पानातलं हरितद्रव्यही ऊर्जा अशीच पुढे ढकलतं. मात्र तिथं वाटेच्या शेवटी अभिक्रिया केंद्र असतं, आणि लागणारे इलेक्ट्रॉन पाण्यातून मिळतात. इथं बऱ्याच प्रयोगांत ते ट्रायइथेनॉलअमाइनसारख्या रसायनातून घेतात. ते संपलं की काम थांबलं. त्याला ‘बळी जाणारा दाता’ म्हणतात. नाव तरी प्रामाणिक ठेवलंय म्हणायचं!

शेतकरी उभ्या पिकाला सुगी म्हणत नाही हो. धान्य खळ्यावरून कणगीत पडावं लागतं. या दात्याचा खर्च वजा जाता हाती काय उरलं, ते शोधनिबंधात आधी लिहा. मग खुशाल सुगी म्हणा.