रिक्त पदे आणि खरी गरज : एका पाहणीची समीक्षा

अमेरिकेतील सामुदायिक आरोग्य केंद्रांच्या मनुष्यबळाचा विचार करताना रॉजर रोझेनब्लॅट व त्यांचे सहकारी यांनी २००४ साली केलेल्या आणि २००६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मुखपत्रात प्रसिद्ध झालेल्या पाहणीस टाळून पुढे जाता येत नाही. तथापि तिच्यातील आकडे नेमके कशाचे मोजमाप करतात, याची चिकित्सा झाली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम एक खुलासा अवश्य आहे. महाराष्ट्रात सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणजे तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय होय. अमेरिकेतील केंद्र हे मुख्यतः बाह्यरुग्णसेवेचे असते. जॅक गायगर व काउंट गिब्सन यांनी १९६५ साली बोस्टनच्या कोलंबिया पॉइंट वस्तीत काढलेले केंद्र हे या परंपरेचे उगमस्थान. संघशासनाचे अनुदान, ऐपतीप्रमाणे शुल्क आणि नियामक मंडळात खुद्द रुग्णांचे बहुमत, ही तिची तीन लक्षणे.

पाहणीची प्रश्नावली ८४६ अनुदानित संस्थांकडे गेली व ७९.३ टक्के संस्थांनी ती भरून दिली. कुटुंबवैद्यांच्या १३.३ टक्के, स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या २०.८ टक्के आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या २२.६ टक्के जागा रिक्त आढळल्या. ग्रामीण केंद्रांची स्थिती नागरी केंद्रांहून अधिक बिकट होती. केंद्रांच्या विस्ताराची योजना चालू असतानाच इमारतींपेक्षा माणसांचा प्रश्न अवघड आहे, हे या पाहणीने आकड्यांनिशी दाखवून दिले. तिचे हे श्रेय निर्विवाद आहे.

परंतु येथे मोजलेली रिक्तता ही ज्यांच्यासाठी पैशाची तरतूद झालेली आहे अशाच पदांची आहे. ज्या केंद्राला मानसोपचारतज्ज्ञाचे पद निर्माण करण्याइतके द्रव्यबळच नाही, त्याच्या हिशेबी ते पद रिक्तही नसते. म्हणजे दरिद्री केंद्र या कोष्टकात भरलेले दिसू शकते आणि महत्त्वाकांक्षी केंद्र रिकामे. रिक्त पद आणि लोकांची गरज या दोन भिन्न राशी होत. दुसरे असे की, उत्तरे दिली ती मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी. अल्प वेतन, खेड्यातील एकाकीपणा, मुलांच्या शाळा, पतीला वा पत्नीला नोकरी नसणे ही त्यांनी सांगितलेली कारणे खोटी नव्हेत. पण ती नेमणूक करणाऱ्याच्या बाजूने पाहिलेली कारणे आहेत. सोडून गेलेल्या डॉक्टरांची साक्ष येथे नाही, आणि मंडळावर बसणाऱ्या रुग्णांचीही नाही.

या उणिवेचे महत्त्व २०१० च्या आरोग्यसुधारणा कायद्याकडे पाहता ध्यानात येते. त्या कायद्याने पाच वर्षांसाठी केंद्रांना अकरा अब्ज डॉलर व राष्ट्रीय आरोग्यसेवा दलास दीड अब्ज डॉलर दिले. कर्जफेडीच्या मोबदल्यात दलाचा डॉक्टर प्रथम दोन वर्षांसाठी बांधला जातो. जागा भरते, पण भरलेली जागा टिकेलच असे नाही. रिक्ततेवर इलाज केला म्हणजे स्थैर्य आपोआप येते, हे गृहीतकच तपासण्याजोगे आहे.

याच कायद्यातील अध्यापन-केंद्रांची कल्पना आम्हांस अधिक मूलगामी वाटते. कारण तीत डॉक्टरचे पदव्युत्तर प्रशिक्षणच रुग्णालयाऐवजी वस्तीतील केंद्रात होते. परंतु कुटुंबवैद्यकाचे प्रशिक्षण तीन वर्षांचे, आणि २०१५ साली या योजनेस मिळालेली मुदतवाढ अवघी दोन वर्षांची! विद्यार्थी शिकून बाहेर पडेपर्यंत निधी राहील की नाही, याची शाश्वती ज्या संस्थेला नाही तिने प्रवेश कोणत्या भरवशावर द्यावेत?

उरला परदेशी पदवीधरांचा मार्ग. जे-१ व्हिसाधारकास मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट मिळते ती उपेक्षित भागात तीन वर्षे सेवा करण्याच्या बोलीवर. केंद्रे या मार्गावर फार विसंबून आहेत, हे पाहणी नोंदविते. अमेरिकेतील परदेशी पदवीधरांत भारतात शिकलेल्यांचा वर्ग मोठा असल्यामुळे हा मुद्दा आपल्यालाही परका नाही. तेथे भरलेली जागा अन्यत्र कोठे रिकामी झाली, हे कोणत्याही एका देशाच्या कोष्टकात दिसणार नाही.

सारांश, ही पाहणी टाकाऊ नाही, अपुरी आहे. पुढील संशोधकाने पदांऐवजी वस्तीच्या गरजेपासून मोजणीस आरंभ करावा, आणि किती आले याबरोबरच किती राहिले हेही विचारावे.