'लालबाग परळ'मधला न दिसलेला बदली कामगार

महेश मांजरेकरांचा 'लालबाग परळ' (२०१०) तुम्ही पाहिला असेलच. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरचा. संपानंतर धुरी कुटुंब विसकटत जातं ते पाहवत नाही. गोळीबार मात्र जरा जास्तच.

पण माणूस गिरणीत लागायचा कसा, हे त्यात फारसं येत नाही. बदली कामगार रोज गेटवर उभा राहायचा. कुणी खाडा केला तर त्या दिवशी काम, नाहीतर घरी. काम शिकायचा तोही असाच, गाववाल्याच्या नाहीतर काकाच्या मागावर. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात पगारवाढीसोबत बदलींना कायम करा ही मागणीही होती. ती वगळली की संप म्हणजे नुसता दत्ता सामंतांचा हट्ट वाटायला लागतो.

तुम्ही म्हणाल, जुनं झालं ते. आमच्या माहूर-किनवटकडची आयटीआय झालेली पोरं आज चाकणला अप्रेंटिस म्हणून जातात. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात तो शिकाऊ आहे, कामगार नाही. काही अपवाद सोडले तर कामगार कायदे त्याला लागू नाहीत. मुदत संपल्यावर ठेवायचं की नाही, ते कंपनीचं धोरण ठरवतं.