विहारधामांतील भोजन

ग्रंथाचें परीक्षण करावें, नाटकाचें करावें, गाण्याच्या बैठकीचेंहि करावें. परंतु जेवणाच्या ताटाचें परीक्षण वाङ्मयीन मासिकांत कशाला, असा प्रश्न कांहीं वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर साधें आहे. काव्यशास्त्रानें आपला सर्वांत मोठा शब्द जो 'रस' तो जिभेकडूनच उसना घेतला आहे. नाट्यांतील रस म्हणजे काय हें समजावून देतांना भरतमुनींनींहि नाना व्यंजनांनीं सिद्ध झालेल्या अन्नाचाच दृष्टांत दिला. तेव्हां त्या जिभेची फसवणूक झाली असतां टीकाकारानें गप्प बसावें, हें न्यायाचें नाहीं. शिवाय जें अन्न दारावर फलक लावून, किंमत ठरवून, अमुक एका गुणाचा दावा करून लोकांपुढें मांडलें जातें, तें छापून प्रसिद्ध केलेल्या पुस्तकासारखेंच सार्वजनिक होतें. पाहुणे म्हणून गेलों असतां आमटींत मीठ कमी पडलें तर तें मुकाट्यानें मागून घ्यावें. विकत घेतलेल्या जेवणाची गोष्ट निराळी.

प्रस्तुत प्रसंग सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागांतील एका विहारधामाचा आहे. अशा स्थळांस हल्लीं 'रिसॉर्ट' म्हणतात. त्याचें नांव आम्ही देत नाहीं. कारण त्याच्यासारखीं आणखीहि असावींत, आणि आमचें भांडण मालकाशीं नसून पद्धतीशीं आहे.

या मुलखास पाहुण्यांची संवय जुनी आहे. १८२९ सालीं साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज व इंग्रज सरकार यांच्यांत अदलाबदल होऊन महाबळेश्वर इंग्रजांकडे गेलें, व गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नांवाची पेठ तेथें वसली. पुढें १८४२ सालीं छत्रपति आप्पासाहेब महाराजांनीं वेण्णा तळें बांधविलें. तेव्हांचा पाहुणा हवा खाण्यास येत असे. आतांच्या पाहुण्यास देखावा लागतो. देखाव्याच्या या धंद्याचें मूळ पीठ अमेरिकेंत आहे. १९५५ सालीं कॅलिफोर्नियांतील ॲनाहाइम येथें वॉल्ट डिस्ने यांनीं आपलें प्रसिद्ध उद्यान उघडलें. मग आपल्याकडे मुंबईजवळ गोराई येथें १९८९ सालीं एस्सेलवर्ल्ड आणि खोपोलीजवळ २०१३ सालीं इमॅजिका निघालें. डिस्ने यांच्या उद्यानांत पहिल्याच दिवशीं अपेक्षेहून कितीतरी अधिक लोक लोटले आणि खाद्यपदार्थ संपून गेले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. देखावा आधीं उभारावयाचा व भोजनाची चिंता मागाहून करावयाची, हा दोष या कुळास जणूं जन्मतःच चिकटलेला आहे.

आमचें विहारधाम हें या कुळांतील एक लहानसें चुलत भावंड म्हणावें. पाण्याच्या घसरगुंड्या, प्लास्टरचा वाडा, दारांत बैल नसलेली बैलगाडी, आणि कोरड्या विहिरीवर बांधलेली मोट. वाड्याच्या ओसरीवर भोजनालय व त्याच्या कपाळीं ठळक अक्षरांत पाटी: 'अस्सल गांवरान जेवण'. टीकाकाराच्या दृष्टीनें ही पाटी फार महत्त्वाची आहे. तिथें नुसतें 'जेवण' लिहिलें असतें तर हा लेख आम्हीं लिहिला नसता.

आमच्याबरोबर आमच्या मावशी होत्या. वय ७८, राहणार सांगली. त्यांच्या नातवानें पहिल्या पगारांतून हा बेत ठरविला होता. जन्मभर दुसऱ्यांस वाढून मग उरलेलें जेवणाऱ्या आपल्या आजीनें एकदां तरी पहिल्या पंगतीस बसावें, तिला कोणीं तरी वाढावें, एवढीच त्याची इच्छा. पहांटे सांगलीहून निघून, कराड व सातारा मागें टाकून, वाईवरून पसरणीचा घाट चढून आम्ही तेथें पोंचलों. माणशीं १२०० रुपये भरल्यावर प्रत्येकाच्या मनगटास कागदी पट्टा बांधण्यांत आला. मावशींनीं तो बांगड्यांच्या वर सरकवून घेतला.

जेवणाची वेळ झाली तेव्हां प्रथम कळलें कीं वाढणारा कोणी नाहीं. रिकामें ताट घेऊन रांगेंत उभें राहावयाचें आणि पुढें सरकत सरकत आपलें आपण घ्यावयाचें. पहिल्या पंगतीचें स्वप्न येथेंच अर्धें विरलें. तरी तो त्या पद्धतीचा धर्म आहे म्हणून आम्ही त्याबद्दल तक्रार करीत नाहीं. झांकणें उघडून पाहतां पदार्थ एकंदर एकवीस भरले. त्यांपैकीं मंचुरियन, नूडल्स, पनीर व बटाट्याचे तळलेले तुकडे यांविषयीं आमचें मत राखून ठेवतों. ते मुलांनीं आवडीनें खाल्ले. पाटीनें ज्यांची हमी घेतली होती, त्यांचेंच तेवढें पाहूं.

पिठलें पाणचट होतें. भरलें वांगें म्हणून जें होतें त्याचा रस्सा चाखून आम्हांस ओळख पटली. तो शेजारच्या पनीरचाच तांबडा रस्सा होता, आणि उसळींतहि पुन्हां तोच भेटला. ठेचा गोडसर होता. भाकरी ज्वारीची होती, परंतु ती झांकणाखालीं घाम येऊन वरून ओली व आंतून चिवट झालेली. शेवटीं गोड म्हणून स्ट्रॉबेरी व साय यांचा एक पदार्थ होता. त्यांत साय होती, साखर होती, गुलाबी रंग होता व बाटलींतील सुगंध होता.

मावशींनीं भाकरीचा एक तुकडा मोडला, बोटांत धरून पाहिला, आणि काहीं न बोलतां ताटाच्या कडेस ठेवला. नातू त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. "छान आहे हो," त्या म्हणाल्या, "फार केलंय त्यांनी." मग त्यांनीं दहीभात कालवला.

आतां परीक्षण. पहिला दोष वेळेचा. ज्वारीच्या पिठास गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून तें आधणाच्या पाण्यांत मळावें लागतें, भाकरी हातानें थापावी लागते, तव्यावर वरून पाण्याचा हात फिरवावा लागतो आणि शेवटीं निखाऱ्यावर फुगवून तिला पापुद्रा आणावा लागतो. या साऱ्या खटाटोपाचें फळ घटकाभर टिकतें. तव्यावरून ताटांत येणें हें भाकरीचें अर्धें सौंदर्य आहे; तिला डब्यांत कोंडून ठेवणें म्हणजे गायकास दोन तास आधीं गावयास लावून बैठकीच्या वेळीं नुसता बसवून ठेवणें होय. पिठल्याचेंहि तसेंच. तें जों जों राहतें तों तों घट्ट होतें, आणि मग त्यांत पाणी ओतलें जातें. येथें तें दोन-तीनदां तरी ओतलें गेलें असावें.

दुसरा दोष एकरसतेचा. एका मसाल्याच्या रश्श्यावर चार पदार्थ उभे करणें हें एकाच कथानकावर चार कादंबऱ्या लिहिण्यासारखें आहे. नांवें बदलतात, वांगें नायक होतें किंवा पनीर होतें. पण तिसऱ्या घांसास शेवट अगोदरच ठाऊक असतो. कृष्णाकाठच्या वांग्यास स्वतःची चव आहे. शेंगदाण्याचें कूट, तीळ, गूळ व चिंच यांनीं ती खुलते. तिच्यावर हा तांबडा लेप चढविणें म्हणजे चांगल्या अभंगास ठेका बदलून लावणीच्या चालीवर बसविणें.

तिसरा दोष सर्वांत मोठा. त्यास आपले जुने शास्त्रकार अनौचित्य म्हणत. स्ट्रॉबेरी हें फळ तोडल्यावर पुढें पिकत नाहीं, आणि तोडलेलें फार दिवस टिकतहि नाहीं. म्हणजे तें खावें तर शेताच्या जवळच खावें. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे, हंगाम भरांत होता, आणि विहारधामाच्या कुंपणापलीकडे तिचे वाफे दिसत होते. कुंपणाअलीकडे मात्र बाटलींतला सुगंध! कोरेगांवच्या वाघ्या घेवड्यास २०१६ सालीं असेंच मानांकन मिळालें, त्याच सालीं सांगलीच्या बेदाण्यास व २०१८ सालीं सांगलीच्या हळदीस. सातारा व सांगली हे जिल्हे एकाच अंगाचे. १९४९ सालीं दक्षिण सातारा निराळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. या दोहोंच्या शेतांतून एक उत्तम ताट सहज सजलें असतें. एकवीस पदार्थांत त्यांतला एकहि आपल्या नांवानें हजर नव्हता.

सोंगाविषयीं आमची तक्रार नाहीं. १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं सांगलींतच 'सीतास्वयंवर' नाटक केलें. तेव्हां सोंग म्हणजे काय हें सांगलीकरास नव्यानें शिकवावें लागत नाहीं. रंगभूमीवरचा राजवाडा कापडाचा असला तरी प्रेक्षक खुशीनें तो खरा मानतो, कारण पात्राचा सूर खरा असतो. विहारधामांतला वाडा प्लास्टरचा असो, मोट कोरडी असो; भोजनालयांत नायिकेचें काम भाकरीकडे होतें, तिचा सूर तरी खरा लागावयास हवा होता.

प्रतिपक्षाचें म्हणणेंहि ऐकलें पाहिजे. रविवारीं शेंकडों माणसें येतात, मंगळवारीं शुकशुकाट असतो. पाहुणे निरनिराळ्या प्रांतांचे. एकास तिखट सोसत नाहीं, दुसऱ्याचें मूल नूडल्सवांचून जेवत नाहीं. आचारी दुरून आलेले, त्यांनीं ठेचा लहानपणीं खाल्लेला नाहीं. हें सर्व खरें आहे, आणि त्या आचाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं. भट्टीपुढें दिवसभर उभें राहणें सोपें नव्हे. परंतु संख्येची सबब आम्हांस मान्य नाहीं. सप्त्याच्या शेवटीं काल्याच्या दिवशीं आपल्या खेड्यापाड्यांतून हजार हजार पानें उठतात. आमटी एका मोठ्या कढईंत होते, आणि भाकऱ्या घरोघरीं थापून आणल्या जातात. भाकरीचा प्रश्न पुष्कळ हातांनींच सुटतो, हें खेड्यास पूर्वीपासून ठाऊक आहे. तेथें पदार्थ दोन असतात, एकवीस नसतात. अज्ञानाची सबबहि चालावयाची नाहीं. सांगलीच्याच कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' १९७० सालीं प्रसिद्ध झालें. वाटी व चमचा यांच्या मापानें त्यांनीं घरचा स्वयंपाक नवशिक्यांच्याहि हातीं दिला. शिकूं म्हणणारास गुरूची वाण नाहीं.

हें ज्ञान त्या आवारांतच होतें, हें आम्हांस जेवणानंतर कळलें. मावशी दिसेनात म्हणून शोधीत आम्ही स्वयंपाकघराच्या मागल्या बाजूस गेलों. तेथें झाडलोट करणाऱ्या तीन बाया पिंपळाखालीं आपलीं फडकीं सोडून बसल्या होत्या. शेजारच्याच गांवच्या होत्या. मावशी त्यांच्यांत पाय दुमडून बसलेल्या.

"जेवलायसा न्हवं, आजी?" एकीनें विचारलें असावें, कारण मावशी म्हणत होत्या, "जेवले ग. पण भूक तशीच राहिली."

"मग घ्या की ह्यो तुकडा. घरचंच हाय."

नाचणीची भाकरी होती, सकाळची व गार, पण नाचणीला तें सोसतें. डब्यांत घेवड्याची दाट आमटी आणि फडक्याच्या टोकास लसणाचा खर्डा. मावशींनीं अर्धी भाकरी खाल्ली. आम्हांसहि घांसभर मिळाली. आमटींत घेवड्याखेरीज फारसें कांहीं नव्हतें, आणि म्हणूनच घेवडा लागत होता. खर्ड्यानें डोळ्यांत पाणी आलें. पाटीवरचें जेवण तें हेंच. फक्त तें विक्रीस नव्हतें. ज्यांस हें करतां येतें त्यांच्या हातीं केरसुणी, आणि ज्यांनीं हें कधीं खाल्लें नाहीं त्यांच्या हातीं पळी, अशी येथील कामाची वांटणी आहे. नाटकमंडळींत कवीस दिवे पुसावयास ठेवून पडदे ओढणारास पदें रचावयास सांगितलें, तर जें होईल तेंच येथें झालें आहे.

मालकांस आमची सूचना थोडक्यांत अशी. एकवीसांतले चौदा पदार्थ काढून टाकावे. ओसरीवर दोन चुली मांडून याच बायांपैकीं दोघींस चांगल्या पगारावर भाकरी थापावयास बसवावें. पाहुणा देखावा पाहण्यासच आलेला असतो, त्यास याहून चांगला देखावा मिळणार नाहीं. घेवड्याची आमटी एक, हंगामीं भाजी एक, व कुंपणापलीकडची स्ट्रॉबेरी नुसती धुवून. यांत खर्च वाढत नाहीं. कदाचित् कमीच होईल. हें जमत नसेल तर निदान पाटी उतरवावी.

परततांना पसरणीच्या घाटांत मावशींनीं नातवास विचारलें, "का रे, त्या बायांना तिथं आंत बसून जेवू देत असतील का?" नातू गाडी चालवीत होता, तो कांहीं बोलला नाहीं. आमच्याजवळहि उत्तर नव्हतें, म्हणून तो प्रश्न येथें नोंदवून ठेवतों. पुढील हंगामांत मावशींची प्रकृति ठीक असल्यास त्यांस घेऊन आम्ही पुन्हां जाणार आहों. ओसरीवर चूल दिसली तर तेंहि वाचकांस याच पानांवर, इतक्याच प्रांजलपणें सांगूं.