बेलवलकरांचे पाय

‘नटसम्राट’ पाहून रडला नाही असा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. मी स्वतः ते तीनदा पाहिले आणि तिन्ही वेळा रडलो. अशा नाटकाविषयी तक्रारीचे चार शब्द लिहायचे म्हणजे घरच्या देवाला नावे ठेवण्यासारखे, आणि तेही ऐन दिवाळीत. तरी लिहितो, कारण तक्रार नाटकाइतकीच माझ्या रडण्याविषयीही आहे.

तिसऱ्या खेपेला बरोबर आई होती. जिल्ह्याच्या गावातले नाट्यगृह, थंडीचे दिवस. खेळ सुटला तेव्हा व्हरांड्याच्या टोकाशी एक म्हातारा बोचके घेऊन उभा होता. त्याने मला विचारले, “साहेब, सुटला का खेळ?” मला वाटले, याला नाटकाचा नाद असावा. पण कारण निराळे होते. प्रेक्षक पांगले की रखवालदार त्याला व्हरांड्यात पडू देत असे. खेळ लांबला की त्याची झोप लांबे. मी “हो, सुटला” म्हणालो आणि डॉ. श्रीराम लागूंनंतर या भूमिकेत कोण किती उतरला याचा हिशेब मनाशी करीत पुढे निघालो. रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, “अरे, त्या बाबांच्या पायाची चिंधी ओली होती. बघितलंस का?”

मी बघितले नव्हते. तीन तास एका बेघर म्हाताऱ्यासाठी रडून मी नुकताच बाहेर आलो होतो.

तेव्हापासून मी हे नाटक आईच्या नजरेने पाहू लागलो. वि. वा. शिरवाडकरांचे हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आले. गणपतराव बेलवलकर सत्कारानंतर सर्व काही मुलांना देऊन टाकतात, आणि मग मुलाच्या घरून मुलीच्या घरी आणि तिथून रस्त्यावर येतात. घर एकाएकी जात नाही, पायरीपायरीने जाते. आधी मालकी जाते, मग मान, मग विश्वास आणि सर्वात शेवटी छप्पर. हा क्रम शिरवाडकरांनी इतका अचूक टिपला आहे की त्याबद्दल त्यांना कितीही धन्यवाद दिले तरी थोडेच.

परंतु अप्पा रस्त्यावर आले की नाटकाची नजर बदलते. तिथे त्यांना बूटपॉलिशवाला राजा भेटतो आणि रक्ताच्या मुलांनी नाकारलेली माया देतो. रस्ता हा येथे जणू घरापेक्षा सज्जन ठरतो. प्रसंग हृद्य आहे यात शंका नाही. पण अप्पांच्या शरीराचे काय झाले, हे आपल्याला फारसे कळत नाही. ते कुठे झोपतात, औषध घेतात का, चष्मा शाबूत आहे का? गंमत अशी की ही भूमिका प्रथम गाजवणारे लागू स्वतः कान-नाक-घशाचे शस्त्रवैद्य होते!

उघड्यावरचे म्हातारपण हा मुख्यतः शरीराचा मामला असतो. ज्याला सतत चालावे लागते आणि पाय वर करून कुठे पडता येत नाही, त्याचे पाय सुजतात. मधुमेह असेल तर बारीक जखमही चिघळते. रक्तदाबाची एक गोळी अशी असते की तिने वारंवार लघवीला जावे लागते. ज्याला संडास जवळ नाही तो शहाणपणाने ती गोळीच टाळतो आणि डॉक्टर त्याला हेकट म्हणतात. इन्सुलिन थंड जागी ठेवावे लागते, ते बोचक्यात कसे ठेवणार? रुग्णालयातून घरी सोडतात, पण ज्याला घरच नाही त्याला कुठे सोडतात? अमेरिकेत ओकलंड शहरी २०१३ पासून पन्नाशीपुढच्या ३५० बेघरांची पाहणी झाली. अंघोळ, कपडे अशा साध्या कामांतही चाळीस टक्क्यांच्या जवळपास लोकांना अडचण होती. पन्नाशी-साठीतल्या माणसांना सत्तरी-ऐंशीतली दुखणी जडली होती. आणि चाळीस टक्क्यांहून अधिकांचे घर प्रथमच सुटले ते पन्नाशीनंतर. म्हणजे हे जन्माचे भटके नव्हेत, काल-परवापर्यंत दाराला कडी लावणारे लोक.

याच विषयावरचा एक इटालियन चित्रपट मला या ठिकाणी आठवतो. व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘उंबेर्तो डी.’, १९५२ सालचा. निवृत्त सरकारी नोकर उंबेर्तो रोममध्ये भाड्याच्या खोलीत कुत्र्यासह राहतो. पेन्शन पुरत नाही, भाडे थकते आणि घरमालकीण त्याला बाहेर काढू पाहते. त्याला ताप येतो तेव्हा तो रुग्णालयात भरती होतो, आणि बरे वाटू लागल्यावरही तिथली खाट सुटू नये म्हणून धडपडतो. पुढे भीक मागण्यासाठी तो तळहात पसरतो, पण कोणी देऊ लागताच पाऊस पडतो का पाहत असल्यासारखा हात उलटा करतो. या माणसाला स्वगत नाही. कृतघ्न मुलेही नाहीत. आहे ते भाडे, ताप आणि पेन्शन.

दोन कलाकृतींतला हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. आपण म्हाताऱ्याचे बेघर होणे मुलांच्या कृतघ्नतेची गोष्ट म्हणून सांगतो, दे सिका ती हिशेबाची गोष्ट म्हणून सांगतात. आपल्या सांगण्यातही सत्य आहे. २००७ च्या कायद्याने आईबापांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परतही मिळवता येते. अप्पांनी मात्र अट घातली नव्हती! पण उंबेर्तोला या कायद्याचा काय उपयोग? ज्याला मुले नाहीत, किंवा ज्याची मुले स्वतःच झोपडीत आहेत, त्याने कोणावर फिर्याद करावी? २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले. त्या सर्वांच्या घरी कृतघ्न नंदा आणि नलिनी होत्या असे म्हणणे धाडसाचे होईल. त्याच सुमारास, २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत लाख वस्तीमागे एक निवारा असावा असे बजावले. तो निवारा जिन्यावर असेल आणि संडास अंगणापलीकडे, तर गुडघे गेलेल्या माणसाला तो असून नसल्यासारखा. हे बारकावे ‘मुले वाईट’ एवढ्यावर थांबणाऱ्याला दिसत नाहीत.

शेक्सपिअरचा लिअर राजा वादळात कुडकुडताना एका गोष्टीने हादरतो. उघड्यावरच्या अनामिक गरिबांची आपण राजा असताना काळजी केली नाही, हे त्याला उमगते. क्षणभर तो स्वतःचे दुःख विसरतो. अप्पांच्या घर मागण्यात हा क्षण मला सापडत नाही. म्हणून की काय, आपण ते स्वगत शाळेच्या आणि गणेशोत्सवाच्या स्पर्धांत बक्षिसासाठी म्हणू लागलो. मागणे बाजूला राहिले आणि आवाजाची फेक तेवढी उरली. हा दोष नाटककाराचा कमी आणि आपला जास्त.

नाटक लहान आहे असे मला म्हणायचे नाही. चौथ्यांदाही मी जाईन आणि बहुधा रडेन. त्या रात्री मात्र आईने रिक्षा परत फिरवायला लावली होती. म्हाताऱ्याने पाय दाखवायला आधी नकार दिला, कारण चिंधी सुटली तर दुसरी नव्हती. आईने आपल्या पिशवीतला सुती पंचा फाडून त्याला बांधला आणि सकाळी सरकारी दवाखान्यात जायला सांगितले. तो गेला की नाही, मला ठाऊक नाही. नाट्यगृहात टाळ्या मी वाजवल्या होत्या. नाटक आईने पाहिले होते.