लेखणी कोणाची?

कीर्तनकारांची बाडे संगणकावर चढवून नाममुद्रा व पाठभेद जुळवले, की कोणता अभंग कुठे पोहोचला याचा माग लागतो. पद्धत उपयोगी आहे. पण तिच्या हाती लागते ती लेखणी, गळा नव्हे. जनाबाईंच्या नावावरील एका अभंगात चोखोबांचा लेखक म्हणून अनंतभट्टाचे नाव येते! १९५६ नंतर आपल्यातल्या अनेकांनी चोखोबांना शरणागत म्हणून बाजूला सारले. ती शरणागती कवीची, की उतरवून घेणाऱ्यांच्या निवडीची? कर्ममेळ्याचा जाब विचारणारा अभंग एखाद्या बाडात नसेल, तर तो कोणी गातच नव्हते असे ठरत नाही. पेठेपासून ओतूरपर्यंतची बाडे मोजायला निघणाऱ्यांनी लिहिणाऱ्याची जात आणि बाड सांभाळणारे घर यांचेही रकाने आखावेत.